धूम्रपान सोडल्यावर शरीर असे सावरते

भोकरदन : 'तीस वर्षे विडी ओढली, आता सोडून काय उपयोग?' हा प्रश्न भोकरदन तालुक्यात गावच्या पारापासून बसस्थानकाजवळच्या टपरीपर्यंत कोठेही ऐकू येतो. वैद्यकशास्त्राचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. उपयोग कोणत्याही वयात होतो आणि शेवटची विडी विझल्यावर अवघ्या २० मिनिटांत त्याची सुरुवात होते.

पहिला दिवस
निकोटिनमुळे वाढलेली नाडीची गती आणि रक्तदाब २० मिनिटांत उतरू लागतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ताकदीने चिकटतो. त्यामुळे हृदयाला प्राणवायू कमी मिळतो. धूम्रपान थांबल्यावर १२ ते २४ तासांत हा वायू रक्तातून बाहेर पडतो. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समजही चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोरात झुरके घ्यावे लागतात, साहजिकच अधिक धूर छातीत जातो.

कसोटीचे दिवस
पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, निद्रानाश, वाढलेली भूक असा त्रास होतो आणि तो बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काहींचा खोकला याच काळात वाढतो. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांसारखे तंतू धुरामुळे निकामी झालेले असतात. ते पुन्हा काम करू लागले, की साचलेला कफ बाहेर ढकलतात. 'विडी सोडली आणि छाती बिघडली' असे समजून अनेकजण येथेच माघार घेतात. तथापि, खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिला किंवा कफातून रक्त पडले, तर क्षयरोगाची तपासणी अवश्य करावी.

वर्षांचा हिशेब
जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, वर्षभरात हृदयविकाराचा धोका धूम्रपान करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो, तर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो. ब्रिटनमधील डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिशीत धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, तर साठीत सोडणाऱ्यांचे ३ वर्षांनी वाढल्याचे त्यात आढळले. फुप्फुसातील नष्ट झालेले वायुकोश मात्र परत येत नाहीत. पुढची झीज मंदावते, इतकेच.

पळवाट नको
विडी सोडून तंबाखू-चुना मळणे ही आपल्याकडची नेहमीची पळवाट. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूररहित तंबाखू खाणारे आढळले. तंबाखू खाल्ल्याने निकोटिनची गुलामी कायम राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका ओढवतो. त्यामुळे सोडायची ती तंबाखूच, केवळ धूर नव्हे. एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.