फोटोचा कॅमेरा घ्यावा की शूटिंगचा?



कॅमेरे दोन प्रकारचे असतात. एक फोटो काढणारा आणि दुसरा शूटिंग करणारा. शूटिंगच्या छोट्या कॅमेऱ्याला कॅमकॉर्डर म्हणतात. कॅमेरा आणि रेकॉर्डर हे दोन शब्द जोडून तो शब्द झाला आहे.

आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी तालुक्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. आम्ही त्यांना फोटोवाले काका म्हणतो. त्यांनी आता स्टुडिओ बंद केला. त्यांच्याकडे दोन्ही कॅमेरे आहेत. ते म्हणाले, "यातला एक मी शाळेला देतो. दुसरा मला विकायचाय. कोणता ठेवायचा ते तुम्हीच ठरवा." येत्या रविवारी पालकसभेत हे ठरणार आहे. पण आमच्या वर्गात आताच दोन तट पडले आहेत. मधल्या सुट्टीत जेवतानाही तेच भांडण! तेव्हा बाई म्हणाल्या, "नुसतं भांडून काय होणार? दोन्हींची माहिती काढा आणि भित्तिपत्रकात लावा, म्हणजे पालकही वाचतील." ते काम माझ्याकडे आले. मी काकांना खूप प्रश्न विचारले. गुरुजींनीही माहिती वाचून दाखवली.

काही जण म्हणतील, घरोघरी मोबाईल आहेत, त्यात फोटोही निघतो आणि शूटिंगही होतं, मग कॅमेरा कशाला? बरोबर आहे. म्हणून तर दुकानात आता हे छोटे कॅमेरे फारसे दिसत नाहीत. पण मोबाईल ज्याचा असतो त्याच्याबरोबर जातो. बाबांचा मोबाईल सकाळीच मळ्यात जातो. मागच्या गुरुजींची बदली झाली, तेव्हा आमचे पहिली-दुसरीचे सगळे फोटो त्यांच्या मोबाईलमधून दुसऱ्या तालुक्यात गेले. शाळेची वस्तू मात्र शाळेच्या कपाटात राहते.

आता मूळ माहितीकडे वळू.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

आजचा फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी आहे. ठिपके जितके जास्त तितकी नक्षी बारीक. कॅमेऱ्यात एक छोटी चकती असते. तिच्यावर उजेड पडला की प्रत्येक ठिपक्याला किती उजेड आणि कोणता रंग ते आकड्यांत लिहिलं जातं. १० लाख ठिपक्यांना एक मेगापिक्सेल म्हणतात. काकांचा फोटोचा कॅमेरा १६ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे एका फोटोत १ कोटी ६० लाख ठिपके!

असा पहिला कॅमेरा अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली बनवला. त्याच्या फोटोत १०० ओळी आणि प्रत्येक ओळीत १०० ठिपके होते. म्हणजे फक्त १०,००० ठिपके, तेही काळे-पांढरे. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेवढ्यात आपले सतरा-अठराचे पाढे म्हणून होतात.

शूटिंग म्हणजे पुष्कळ फोटो

मला आधी वाटायचं की शूटिंगमधलं चित्र खरोखरच हलतं. तसं काही नसतं. शूटिंगचा कॅमेरासुद्धा फोटोच काढतो, पण एका सेकंदाला साधारण २५. ते त्याच वेगाने दाखवले की आपल्या डोळ्यांना चित्र हलल्यासारखं वाटतं. रफ वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर धावणारा माणूस थोडा थोडा बदलून काढा आणि पानं भराभर सोडा. माणूस धावू लागेल. आम्ही करून पाहिलं आहे.

आता गणित करा. १ सेकंदाला २५, तर १ मिनिटाला २५ गुणिले ६० म्हणजे १,५०० फोटो. दहा मिनिटांचे १५,०००!

फोटोतून हलतं चित्र होतं हे दाखवणारी एक जुनी गोष्ट आहे. घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, असा प्रश्न लोकांना पडला होता. डोळ्यांना ते काही दिसेना. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले. घोडा दौडत गेला तसे एकामागून एक फोटो निघाले. त्यात दिसलं की चारही पाय एका क्षणी खरंच हवेत असतात! ही करामत एकेका फोटोने दाखवली. आणि तेच फोटो भराभर दाखवले की घोडा धावतो.

आपल्याकडेही असे लोक झाले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईला हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून तिचं चित्रण केलं. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते. त्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून रोप कसं वाढतं, याची छोटी फिल्म केली. बरेच दिवस थोडी थोडी चित्रं घेतली आणि मग सलग दाखवली. दिवसांचं काम क्षणात दिसलं. पुढे १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला.

घरगुती वापराचा कॅमकॉर्डर पुष्कळ नंतर आला. जपानच्या सोनी कंपनीने १९८३ साली तो विकायला काढला. तो खांद्यावर घ्यावा लागे, आणि त्यात केलेलं शूटिंग त्याच्यातच बघता येत नसे! काकांचा मात्र एका तळहातात मावतो.

कोणाचं काय चांगलं

फोटोच्या कॅमेऱ्याचं चांगलं असं की त्यात ठिपके जास्त. शूटिंगच्या एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. त्यांचा गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. म्हणजे फोटोतले ठिपके सात-आठ पट जास्त. सगळ्या शाळेचा मोठा फोटो काढला तर शेवटच्या रांगेतल्या मुलाचाही चेहरा ओळखू येईल. दुसरं म्हणजे तो सेकंदाच्या पाचशेव्या भागातही फोटो घेऊ शकतो. खो-खोत खांबाला वळणारी मुलगी हवेतच थांबलेली दिसते. शूटिंगमधलं एकच चित्र थांबवून पाहिलं तर तीच मुलगी पुसट येते. आणि फोटो कागदावर छापून भिंतीवर लावता येतो. शूटिंग कसं चिकटवणार?

शूटिंगच्या कॅमेऱ्याचं चांगलं असं की तो आवाज घेतो आणि हालचाल घेतो. लांबचं जवळ आणायची ताकद त्याच्यात जास्त आहे. फोटोच्या कॅमेऱ्यातही शूटिंग होतं, पण पुष्कळ कॅमेऱ्यांत ते अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतं. याचं कारण मजेशीर आहे. अर्धा तास सलग शूटिंग करणाऱ्या यंत्राला युरोपात जादा जकात होती, म्हणून कंपन्यांनी २९ मिनिटांवरच थांबवलं!

शूटिंगला जागा मात्र जास्त लागते. धान्य किलोत मोजतात तशी ही जागा एमबीत मोजतात. एक चांगला फोटो साधारण ५ एमबीचा. शूटिंगचं एक मिनिट साधारण १३० एमबी. मी काकांना विचारलं, "मिनिटात १,५०० फोटो, तर मग हजारो एमबी का होत नाहीत?" ते म्हणाले, "मागची भिंत हलत नाही ना? मग ती यंत्र पुन्हा पुन्हा लिहीत नाही. जे बदललं तेवढंच लिहितं." किती हुशार यंत्र!

आपल्याला काय ठेवायचं आहे?

काका म्हणाले, "कोणता कॅमेरा चांगला असं विचारू नका. कशासाठी हवा ते विचारा." मग आम्ही फळ्यावर यादी केली.

१) दर वर्षी प्रत्येक वर्गाचा फोटो. हे काम फोटोच्या कॅमेऱ्याचं.
२) पटांगणात लावलेली झाडं दर महिन्याला किती वाढली. हेही फोटोचं.
३) खो-खो आणि कबड्डी. दोन्हींचं.
४) २६ जानेवारीचं लेझीम. हे शूटिंगचं, कारण हलगीशिवाय लेझीम म्हणजे नुसते उचललेले हात.
५) गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या. हेही शूटिंगचं.

बरोबरी झाली! पुन्हा भांडण. तेव्हा बाई म्हणाल्या, "पाचवं काम सगळ्यांत अवघड आहे. तेच करून बघा."

आमच्या ओसरीवर जातं आहे. गिरणी आल्यापासून ते पडूनच असतं, पण आजीला ओव्या येतात. बाईंनी आधी आजीला विचारलं, "घेऊ का आजी?" आजी म्हणाली, "घ्या की. माझं काय जातंय!" आधी फोटोच्या कॅमेऱ्याने पाच मिनिटं शूटिंग घेतलं. मग दुसऱ्याने. त्याला वायरचा माईक लावता येतो, तो आजीच्या पदराला अडकवला. नंतर शाळेच्या कॉम्प्युटरवर दोन्ही ऐकलं. पहिल्यात जात्याची घरघर जास्त आणि आजीचे शब्द कमी. दुसऱ्यात प्रत्येक शब्द कळला. आजीने मध्येच घेतलेला श्वास पण ऐकू आला.

आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे, फेट्यातला. मी जन्मायच्या आधीच ते वारले. फोटोत मिशी दिसते, कपाळावरची खूण दिसते. आजी म्हणते, त्यांचा आवाज भारदस्त होता, मळ्यातून हाक मारली की वस्तीवर ऐकू यायची. पण भारदस्त म्हणजे कसा? ते मला कुणीच दाखवू शकत नाही. आपल्या गावात ओव्या येणाऱ्या आज्या आता मोजून सहा राहिल्या आहेत. सगळ्या म्हाताऱ्या आहेत.

माझं मत

म्हणून माझं मत शूटिंगच्या कॅमेऱ्याला आहे. त्यात आपलं काही नुकसान होईल, ते पण सांगते. खो-खोचा स्वच्छ फोटो मिळणार नाही. सगळ्या शाळेचा मोठा फोटो काढला तर मागचे चेहरे बारीक आणि पुसट येतील. पण या कॅमेऱ्यातही साधा फोटो निघतो. २० लाख ठिपक्यांचा फोटो पोस्टकार्डाएवढा छापला तर छान दिसतो, असं काका म्हणाले. आपण सगळ्या शाळेचा एक फोटो न काढता एकेका वर्गाचा काढू. झाडं तर हलत नाहीत, त्यांना हाही कॅमेरा चालेल. म्हणजे फोटोचं काम थोडं कमी प्रतीचं होईल, पण अडणार नाही. ओव्यांचं काम मात्र दुसऱ्या कॅमेऱ्याने अडतं.

झाडाचा फोटो या महिन्यात राहिला तर पुढच्या महिन्यात काढता येईल. वर्गाचा फोटो सोमवारी नाही तर मंगळवारी. पण आवाज माणसाबरोबर जातो.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. नुसतं शूटिंग करून कार्ड कपाटात टाकलं तर उपयोग नाही. कार्ड बिघडलं की सगळंच गेलं. म्हणून प्रत्येक शूटिंग दोन ठिकाणी ठेवायचं, एक शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि एक वेगळ्या डिस्कवर. आणि एक जाड वही करायची. तिच्यात तारीख, कुणाचा आवाज, कशाबद्दल, हे शाईने लिहायचं. ज्यांचं शूटिंग घ्यायचं त्यांना आधी विचारायचं. वही लिहायचं काम चौथीच्या वर्गाने दर वर्षी करावं असं मला वाटतं. आम्ही पाचवीत दुसऱ्या शाळेत जाऊ, पण वही आणि कॅमेरा इथेच राहील.

पालकहो, रविवारी सकाळी दहा वाजता सभेला जरूर या. तुमचं मत फोटोच्या कॅमेऱ्याला असेल तर तेही सांगा, आम्ही ऐकू. आणि तुमच्या घरी जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजी असतील, तर त्यांचं नाव बाईंकडे द्या. त्यांना सभेला आणलंत तर फारच बरं होईल. त्यांच्यासाठी खुर्च्या आम्ही मांडून ठेवू.

जय हिंद!

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी