कोऱ्या पत्र्यातून माथेरानची गाडी

कर्जतहून मुंबईकडे निघालात की भिवपुरी रोडनंतर नेरळ लागते. खोपोली-खालापूरकडच्या विद्यार्थ्यांना कर्जतला गाडी बदलावी लागेल, एवढेच. नेरळला दोन मापांचे रूळ पाहायला मिळतात. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, तर माथेरानच्या गाडीचे अवघे ६१० मिमी, म्हणजे दोन फूट. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही डोंगरी रेल्वे १९०४ ते १९०७ या काळात बांधली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी यांनी पुरवला.

या गाडीची प्रतिकृती तुम्हाला करता येईल. पाश्चात्त्य देशांत मोटारींच्या, अगदी जुन्या गाड्या कापून बनवलेल्या भरधाव 'हॉट रॉड'च्यासुद्धा, प्रतिकृतींचे तयार भाग पेटीत मिळतात. ते जोडणे ही हाताची कसरत झाली. कोऱ्या प्लॅस्टिकपासून सुरुवात केली की मात्र प्रत्येक भागाला विचारावे लागते, 'तू इथे कशासाठी आहेस?' विज्ञान सुरू होते ते तिथे.

प्रथम मापे घ्या. स्थानकप्रमुखांची परवानगी घेऊन, रुळांवर न उतरता, फलाटालगत उभ्या डब्याची लांबी, उंची, खिडक्या, दारे टेपने मोजून वहीत उतरवा. प्रमाण १:२० ठेवा. प्रत्येक मापाला २० ने भागायचे. रुळांमधले अंतर ३०.५ मिमी येईल.

आता प्लॅस्टिक. आपल्या कामाचे ते पॉलिस्टायरीन. दह्याच्या काही कपांच्या बुडाशी त्रिकोणात ६ हा आकडा असतो, तेच हे. त्याचा एक मिमी जाडीचा पत्रा आरपार कापू नये. पोलादी पट्टी धरून धारदार पात्याने दोन-तीनदा ओरखडा काढावा आणि टेबलाच्या कडेवर वाकवावा. काचेसारखा सरळ तुटतो.

जोडण्यासाठी डिंक नको, द्रावक हवे. टोल्युईनचा ब्रश सांध्यावरून फिरवला की दोन्ही कडांचा पृष्ठभाग मऊ होतो. पॉलिस्टायरीनचे साखळीसारखे लांब रेणू सुटे होऊन एकमेकांत गुंततात. टोल्युईन उडून गेले की मध्ये परका पदार्थ उरतच नाही; दोन तुकड्यांचा एक होतो. पॉलिथीनच्या पिशवीवर हेच करून पाहा, काहीही चिकटणार नाही, कारण साध्या तापमानाला ते टोल्युईनमध्ये विरघळत नाही. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून आणि ज्योतीपासून दूरच करावे. टोल्युईनची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही आहे.

डबा तयार झाला की एक गंमत दिसेल. तुमच्या १ मिमी पत्र्याला २० ने गुणा. खऱ्या डब्याची भिंत २ सेंटिमीटर जाड पत्र्याची आहे, असे तुमची प्रतिकृती सांगते आहे! लांबी-रुंदी लहान करता येते. जाडी तेवढीच लहान केली तर भिंत कागदासारखी लुळी पडेल. प्रतिकृती करणाऱ्याला थोडी लबाडी करावीच लागते. कुठे केली याची नोंद मात्र ठेवावी.

खरे कोडे इंजिनाच्या चाकांचे. या मार्गाची वळणे फार तीव्र. पहिली वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची होती आणि प्रत्येकाला चाकांच्या तीन जोड्या होत्या. समजा, तुमच्या गाड्याच्या पहिल्या व तिसऱ्या आसांत ८ सेंमी अंतर आहे आणि वळणाची त्रिज्या ८० सेंमी. वर्तुळाच्या जीवेचे प्रमेय वापरा: जीवेचा अर्धा भाग ४ सेंमी, त्याचा वर्ग १६, त्याला व्यासाने, म्हणजे १६० ने भागा. उत्तर ०.१ सेंमी. मधली चाके रुळापासून १ मिमी बाजूला पडू पाहतात. चाकांच्या कडा आणि रूळ यांत एकूण अर्धा मिमीच मोकळीक ठेवली असेल तर गाडा अडकणार. करून पाहा, अडकतो.

यावरचा तोडगा क्लीन-लिंडनर आस. चाके एका पोकळ नळीवर बसवतात आणि नळीच्या आत भरीव आस असतो. दोघांचा सांधा फक्त मध्यभागी, चेंडूसारखा गोल. आतला आस सरळच राहतो, त्यामुळे दट्ट्याकडून आलेले दांडे त्याला फिरवू शकतात. बाहेरची नळी मात्र चाकांसह वळणाप्रमाणे तिरकी होते. तुमच्यापाशी याचे सामान आहेच! सायकलचा आरा हा आस आणि टणक, पारदर्शक बॉलपेनच्या अंगाचा तुकडा ही नळी. असे पेन बहुधा पॉलिस्टायरीनचे असते, म्हणून पत्र्याच्या चकत्यांची चाके त्यावर टोल्युईनने पक्की बसतात. आऱ्याची टोके चाकांच्या बाहेर, दोन बाजूपट्ट्यांच्या भोकांत अडकवा. मधल्या आऱ्यावर नळी हलणार नाही इतका कागद गुंडाळा. पुढच्या-मागच्या आऱ्यांवर फक्त मध्यावर दोऱ्याची छोटी गाठ ठेवा. तिथे नळी डुलते आणि थोडी सरकतेही. आता तोच गाडा त्याच वळणावरून न्या.

राहिला चढ. मार्गावरील तीव्र चढ २० ला १ आहे. हे गुणोत्तर असल्याने प्रतिकृतीतही बदलत नाही: एक मीटर लांबीच्या फळीवर सरळ रूळ चिकटवा आणि तिचे एक टोक ५ सेंमी उचला, झाला माथेरानचा चढ. गाड्याची चाके रबराने बांधून फळी हळूहळू आणखी उचला आणि तो कोणत्या उंचीला घसरतो ते लिहा. मग त्यावर नाणी ठेवून पुन्हा उचला. उंची जवळजवळ तीच येईल! वजनाने पकड वाढली, तसा खाली ओढणारा जोरही वाढला. मग इंजिने जड का करतात? गाड्यामागे दोऱ्याने सुट्या चाकांचे दोन डबे बांधा. डबे खाली ओढतात, पण पकड देत नाहीत, म्हणून आता घसरण कितीतरी आधी होते. नाणी एकदा डब्यांत आणि एकदा इंजिनावर ठेवून दोन्ही उंची वहीत लिहा.