दस्ता की पट्टा?

अमेरिकेच्या १९३४च्या कायद्यानुसार १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलला खांद्यास टेकवायचा दस्ता असेल, तर तिची केंद्रीय नोंदणी अनिवार्य ठरते. शिवाय २०० डॉलर करही भरावा लागे. त्याच शस्त्राला दस्त्याऐवजी हाताला बांधायचा पट्टा, म्हणजे ‘ब्रेस’ लावला, की ते कायद्याच्या लेखी पिस्तूल होते. एका हाताने नेम धरणाऱ्या अपंग माजी सैनिकांसाठी निघालेला हा पट्टा पुढे लाखोंनी खपला. कारण तो खांद्यालाही टेकवता येतो. २०२३मध्ये सरकारने अशी बहुतेक शस्त्रे नोंदणीच्या कक्षेत आणली. २०२४मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला.

१ जानेवारी २०२६पासून कर शून्यावर आला; नोंदणी मात्र कायम आहे. म्हणजे निवड आता पैशांची उरली नाही. नेम स्थिर ठेवणारा दस्ता घेऊन नोंदवहीत जायचे, की पट्ट्यावर भागवून तिच्याबाहेर राहायचे?

माझ्या मते दोष ग्राहकाचा नसून व्याख्येचा आहे. नळी तीच, गोळी तीच. धोका जोडभागावरून मोजला, तर कारखानदार जोडभागच बदलणार. आपल्याकडेही .३०३ हे लष्करी माप नागरिकांना निषिद्ध, पण .३१५ची रायफल परवान्यावर मिळते. तरीही भारतीय कायदा आधी माणूस तपासतो. २०१९च्या दुरुस्तीने तर प्रत्येकी शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कायदा सैल करायचा असो वा कडक, त्याची नजर शस्त्रधारकावर हवी, सुट्या भागावर नव्हे.