आठ सोनेरी, एक काळा

माझ्या ओळखीच्या ज्या घरांत काचेची टाकी आहे, तिथे मासे बहुधा नऊच: आठ सोनेरी, एक काळा. काळा मासा घरावरची पीडा स्वतःवर घेतो, अशी समजूत. शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या सोनईत काळ्या रंगाचं महत्त्व कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याही घरी दोन फुटी टाकी आली, नऊ मासे आले आणि वर्षभरात सात गेले. काळा सगळ्यांच्या आधी गेला, तेव्हा आईनं पीडा टळली म्हणून हात जोडले. त्याला पाणी पुरलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

पाण्याचा हिशोब आम्हा नेवासे तालुक्यातल्या माणसांना शिकवावा लागत नाही, फक्त टाकीपाशी तो कुणी करत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत मावतं जेमतेम ५५ लिटर, म्हणजे साडेपाच कळश्या. जाणकार पाळणारे पहिल्या गोल्डफिशला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतात. नऊ माशांना झाले ३९५ लिटर. दोन टिपाडं भरून पाणी!

इतकं कशाला? कारण दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा पिल्लू असतो. ओरांडा, ब्लॅक मूर, फँटेल ही गोल पोटाची मंडळी सहा ते आठ इंच होतात. लांब अंगाचे कॉमेट आणि शुबुंकिन फूटभर. गोल्डफिश कार्पच्या कुळातला, म्हणजे रोहू-कटल्याचा भाऊबंद. सुमारे हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये मळकट रंगाच्या माशांत एखादा पिवळा निघे, तो राखून लोकांनी हा वंश घडवला. आजही त्याची पिल्लं मळकटच जन्मतात, सोनेरी रंग मागून चढतो. आयुष्यही मोठं. इंग्लंडमधल्या एका जत्रेत १९५६ साली बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, ४३ वर्षं जगला.

'टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो' हे वाक्य मी प्रत्येक दुकानात ऐकलं आहे. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. शेततळ्यात मासे करणाऱ्यांना हे अर्धं खरं चांगलं ठाऊक असतं. बोटुकली दाटीत आणि कमी खाद्यावर ठेवली की खुरटते; तीच मोकळ्या पाण्यात सोडली की झपाट्यानं वाढते. तिथे खुरटणं काही महिन्यांचं, पुढे तळं असतं. टाकीतल्या माशापुढे तळं नसतं. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि थोड्या पाण्यात तो लगेच साचतो. गाळणीच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. म्हणून स्पंज नळाखाली चोळून धुणं म्हणजे ते जिवाणू मारणं. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो हलका पिळावा. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असते; ते पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवावं. बोअरचं जड पाणी मात्र या माशाला मानवतं.

आपला खरा शत्रू एप्रिल-मे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात, आणि आपल्याला वाटतं भूक लागली. तेव्हा खाद्य टाकू नये, मगानं पाणी उंचावरून ओतत राहावं.

सोबती निवडतानाही हाच हिशोब. गोल्डफिश थंडाव्याचा, अठरा ते चोवीस अंशांतला. एंजल, फायटर उबेचे. दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले. टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतो. आरोग्य केंद्रातून डासांसाठी मिळणारे गप्पी सोडले, तर त्यांची पिल्लं गोल्डफिश गिळतो. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारा चंदेरी मासा म्हणजे बाजारातला पंगस, पुढे चार फुटांचा होणारा. आणि टाकी साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर! तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटून बुळबुळीत थर खरवडतो, तिथे जखम होते. मोठा झाला की लोक त्याला ओढ्यात सोडतात. उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात हेच सकर येऊ लागले आहेत, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. गोल्डफिशही विहिरीत किंवा कालव्यात सोडू नये.

मग सोबत कुणाची? दुसऱ्या गोल्डफिशची, पण अंगकाठी बघून. कॉमेट चपळ, तो गोल पोटाच्या ओरांडाच्या आधी सगळं खाद्य संपवतो. नजर अधू असलेल्या ब्लॅक मूरला तर काहीच उरत नाही. गोलाला गोल, लांबाला लांब.

आमच्याकडे आता चार फुटी टाकी आहे आणि तिच्यात तीनच मासे: दोन ओरांडा, एक ब्लॅक मूर. चौथा परवा आला. तो तीन आठवडे अंगणातल्या पडवीत, वेगळ्या टबात राहणार आहे. रोग असेल तर तिथेच कळेल. आई रोज सकाळी सोललेला उकडलेला मटार कुस्करून आधी त्या काळ्याच्या तोंडापाशी सोडते.