चित्रपटाचे कूळ आणि पुरस्काराचा निकष

चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या वार्षिक पुरस्कारांचा विचार सामान्यतः गुणवत्तेच्या अंगाने केला जातो. कोणता चित्रपट श्रेष्ठ ठरला, परीक्षकांचा निर्णय न्याय्य होता की नव्हता, याच प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहते. परंतु श्रेष्ठत्वाचा निर्णय होण्यापूर्वी प्रत्येक पुरस्काराला आणखी एक निर्णय करावा लागतो, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. स्पर्धेत कोणाला प्रवेश द्यावयाचा, हा तो निर्णय होय. पुरस्कार एखाद्या प्रदेशाच्या नावे असेल तर त्या प्रदेशाचा चित्रपट कोणता, आणि भाषेच्या नावे असेल तर त्या भाषेचा चित्रपट कोणता, हे आधी ठरवावे लागते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर पुरस्कार चित्रपटाचे कूळ निश्चित करतो व नंतरच त्याचा गुण पाहतो. या कुलनिश्चितीच्या तीन पद्धती येथे तपासावयाच्या असून, परभणीसारख्या जिल्ह्यातील जीवनावर चित्रपट निघाल्यास या पद्धतींना त्यातील काय दिसेल व काय दिसणार नाही, हा या विवेचनाचा अंतिम प्रश्न आहे.

पहिली पद्धत युरोपची. युरोपीय चित्रपट पुरस्कारांचा पहिला समारंभ नोव्हेंबर १९८८ मध्ये पश्चिम बर्लिन येथे झाला. त्या वर्षी ते नगर युरोपची सांस्कृतिक नगरी म्हणून घोषित झालेले होते. पुरस्काराला आरंभीच्या काळात ‘फेलिक्स’ असे नाव होते. १९९७ पासून ‘युरोपीय चित्रपट पुरस्कार’ हे नाव रूढ झाले. ज्या संस्थेच्या वतीने हे पुरस्कार दिले जातात तिचे पहिले अध्यक्षपद स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्याकडे होते व १९९६ पासून २०२० पर्यंत ते जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी सांभाळले. पहिल्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पोलंडच्या क्शिश्तोफ किएश्लोव्स्की यांच्या, देहदंडाचा प्रश्न मांडणाऱ्या, ‘हत्येविषयी एक लघुपट’ या कृतीला मिळाला. त्या वेळी बर्लिनची भिंत उभी होती आणि पोलंड भिंतीपलीकडील गटात मोडत होता. राजकीय नकाशा युरोपचे दोन भाग दाखवीत असताना पुरस्काराने त्याचा एकच भाग मानला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या उपक्रमामागील कारण सांस्कृतिक होते तितकेच आर्थिकही होते. युरोपात भाषा अनेक. प्रत्येक भाषेचा प्रेक्षकवर्ग मर्यादित. आणि सर्वत्र हॉलिवुडच्या चित्रपटांचे वर्चस्व. एका देशाच्या बळावर मोठी निर्मिती परवडत नाही म्हणून दोन-तीन देशांच्या निर्मात्यांनी एकत्र यावयाचे, ही रीत तेथे रुजली. मग अशा संयुक्त निर्मितीला ‘युरोपीय’ केव्हा म्हणावयाचे, हे नियमाने ठरविणे भाग पडले. युरोप परिषदेने १९९२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे केलेल्या चित्रपट-सहनिर्मितीविषयक करारात त्यासाठी गुणांचे एक कोष्टकच दिलेले होते.

ते कोष्टक असे: दिग्दर्शक ३ गुण, पटकथाकार ३, संगीतकार १, पहिली भूमिका ३, दुसरी २, तिसरी १, छायालेखक, ध्वनिलेखक, संकलक आणि कलादिग्दर्शक यांना प्रत्येकी १, चित्रगृह अथवा चित्रीकरणाचे स्थळ १, आणि चित्रीकरणानंतरचे संस्कार जेथे होतात ते स्थळ १. असे एकूण १९ गुण होतात. त्यांपैकी १५ गुण युरोपीय असतील तर कथाचित्र युरोपीय समजावे, असा सामान्य नियम होता. कृतीची गरज लक्षात घेऊन त्याहून कमी गुण असलेल्या चित्रपटालाही मान्यता देण्याची मोकळीक संबंधित अधिकाऱ्यांना ठेवलेली होती.

या कोष्टकात दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. चित्रपट कोणत्या भाषेत बोलतो, याला त्यात एकही गुण नाही. कथा कोणत्या समाजाची आहे, यालाही नाही. आणि ती ज्या भूमीवर चित्रित झाली त्या भूमीचा वाटा १९ पैकी अवघा एक. कूळ ठरते ते निर्माण करणाऱ्यांच्या नागरिकत्वावरून. इतक्या भाषांच्या खंडाला भाषेचा निकष लावता आला नसता, हे उघड आहे. तेव्हा ही तडजोड समंजस म्हणावी लागेल. परंतु तिचे परिणाम दूरवर पोहोचतात.

२००९ चा समारंभ या दृष्टीने बोधप्रद ठरतो. त्या वर्षी जर्मनीतील बोखुम येथे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिखाएल हानेके यांच्या ‘द व्हाइट रिबन’ला मिळाला, परंतु प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या चित्रपटाने पटकाविला, आणि छायालेखक अँथनी डॉड मँटल यांच्या गौरवातही या चित्रपटातील कामाचा समावेश होता. विकास स्वरूप यांच्या कादंबरीवर आधारलेली, मुंबईत घडणारी, मुंबईत चित्रित झालेली आणि काही अंशी हिंदीत बोलणारी ही कृती डॅनी बॉइल यांचे दिग्दर्शन व ब्रिटिश निर्मिती यांमुळे युरोपीय चित्रपट ठरली. २०२४ मध्ये लुझर्न येथे सर्वोत्कृष्ट ठरलेला ‘एमिलिया पेरेझ’ हा फ्रेंच दिग्दर्शक जाक ओदिआर यांचा चित्रपट मेक्सिकोची कथा मुख्यतः स्पॅनिशमध्ये सांगतो. त्याच वर्षी नामांकन मिळालेला मोहम्मद रसूलोफ यांचा ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ इराणमध्ये गुप्तपणे चित्रित झाला आणि फारसीत बोलतो. युरोपीय साहाय्यावाचून तो पूर्ण होऊन जगासमोर येणे कठीण होते. म्हणजे एकच नियम एकीकडे मुंबईची कथा युरोपच्या खात्यात जमा करतो आणि दुसरीकडे मायदेशी ज्याला वाव उरला नाही अशा कलावंताला आसरा देतो. या दोन परिणामांपैकी एकच सांगितल्यास नियमाचे चित्र अपुरे राहील.

दुसरी पद्धत भारताची. १९५३ च्या चित्रपटांसाठी शासनाने पुरस्कार सुरू केले आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. पुढील वर्षापासून भाषावार पुरस्कारांची जोड मिळाली, व मराठीतील उत्तम चित्रपट म्हणून अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ने रजतपदक मिळविले. याच्या पाठोपाठ १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. चित्रपटाचे कूळ भाषेवरून ठरवावे, ही कल्पना त्या काळच्या एकंदर विचाराशी सुसंगत होती. येथे निर्मात्याचे गाव वा दिग्दर्शकाची मातृभाषा पाहिली जात नाही. पडद्यावरील बोलणे पाहिले जाते.

मराठीला या पद्धतीचा लाभ निर्विवादपणे झाला. सर्व भाषांतून सर्वश्रेष्ठ ठरण्याचा मान ‘श्यामची आई’नंतर मराठीकडे पुन्हा येण्यास पन्नास वर्षे लागली, २००३ च्या चित्रपटांत ‘श्वास’ने तो मिळविला, आणि पुढे ‘देऊळ’ (२०११), ‘कोर्ट’ (२०१४) व ‘कासव’ (२०१६) यांनी. मधल्या अर्धशतकात भाषावार पुरस्कार नसता तर मराठी चित्रपटाची राष्ट्रीय पातळीवर दरवर्षी नोंद होण्याचे दुसरे साधन क्वचितच उरले असते. २०२३ च्या चित्रपटांतून मराठीचा पुरस्कार सुजय डहाके यांच्या नव्या ‘श्यामची आई’ला मिळाला, हा एक सुखद योगायोग.

तथापि भाषेचा निकष जितका सोपा दिसतो तितका तो नाही. ‘देऊळ’बरोबर २०११ चा सर्वोच्च मान वाटून घेणारा ‘ब्यारी’ हा चित्रपट संविधानाच्या आठव्या परिशिष्टात नसलेल्या भाषेतील होता. परिशिष्टाबाहेरील भाषांसाठी पुरस्कारांत स्वतंत्र तरतूद करावी लागली आहे, यावरूनच भाषांची अधिकृत यादी आणि प्रत्यक्षात बोलल्या जाणाऱ्या भाषा यांतील अंतर ध्यानात येते. ‘कोर्ट’मध्ये अडचण वेगळी आहे. त्यात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या चारही भाषा ऐकू येतात, आणि कोण कोठे कोणत्या भाषेत बोलतो यावरच चित्रपटाचा बराचसा अर्थ अवलंबून आहे. सरकारी वकील घरी मराठीत बोलते, बचावाच्या वकिलाचे घर गुजराती, न्यायालयाचे कामकाज इंग्रजीकडे झुकते, आणि आरोपी शाहिराचे गाणे मराठीत. अशा कृतीला एका भाषेचे नाव देणे म्हणजे सोयीसाठी तिचा एक पदर उचलणे होय.

तिसरी पद्धत महोत्सवाची. व्हेनिसचा महोत्सव १९३२ मध्ये सुरू झाला. जगातील चित्रपट-महोत्सवांत तो सर्वांत जुना. तेथे कूळ विचारले जात नाही, कृती पाहिली जाते, असा समज आहे. आरंभीच्या काळात तसे नव्हते. १९३७ मध्ये प्रभात कंपनीचा, विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ तेथे दाखविला गेला व त्याची विशेष दखल घेतली गेली. त्या काळी व्हेनिसचे मुख्य पारितोषिक मुसोलिनीच्या नावाचे होते, आणि ते इटालियन व परदेशी अशा दोन वर्गांत विभागलेले होते. त्या वर्षी परदेशी वर्गातील चषक फ्रान्सचे ज्यूलिएं द्युव्हिव्हिए यांच्या चित्रपटाला मिळाला. पुढील वर्षीच्या निर्णयात राजकीय दडपण इतके उघड झाले की त्याची प्रतिक्रिया म्हणून फ्रान्सने कान येथे वेगळा महोत्सव योजिला. महायुद्धामुळे तो प्रत्यक्षात १९४६ मध्ये भरला.

आज व्हेनिसचे स्वरूप पूर्णपणे बदललेले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये तेथे ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा व पदार्पणातील कृतीचा असे दोन पुरस्कार मिळाले, आणि २०२० मध्ये त्यांच्याच ‘द डिसायपल’ला मुख्य स्पर्धेत पटकथेचा. बर्लिनच्या महोत्सवातही २०१४ मध्ये अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला बालपरीक्षकांनी स्फटिक-अस्वल देऊन गौरविले. या पद्धतीत मराठी चित्रपटाला मराठी म्हणून राखीव जागा नाही व अडथळाही नाही. मात्र परीक्षकांपर्यंत पोहोचते ते भाषांतरित उपशीर्षकांतून पोहोचते, आणि येथेच परभणीचा प्रश्न उपस्थित होतो.

परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व राज्याच्या अंमलाखाली होता, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला, आणि १९९९ मध्ये त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. अर्धशतकाच्या आत राज्य दोनदा बदलले, सीमाही बदलली. बोली मात्र तीच राहिली. कूळ स्थळावरून ठरवावे की भाषेवरून, हा वाद येथील वाङ्मयाला नवा नाही. ज्यांचे जन्मगाव आज हिंगोली जिल्ह्यात असलेले नरसी मानले जाते ते संत नामदेव मराठी अभंगकार आहेत, आणि त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. गंगाखेडच्या जनाबाई पंढरपूरच्या म्हणूनच अधिक ओळखल्या जातात. दोन्ही परंपरांनी नामदेवांना आपले मानले, व त्यामुळे कोणाचेही नुकसान झाले नाही. कारण काव्याच्या परंपरेत एकाच नोंदवहीत नाव असण्याची अट नसते. पुरस्काराच्या नोंदवहीत ती असते.

आता गंगाखेडजवळ गोदाकाठी चित्रित झालेल्या, तेथील शेतकरी कुटुंबाविषयीच्या एखाद्या चित्रपटाची कल्पना करावी. युरोपच्या १९९२ च्या कोष्टकाच्या धर्तीवर त्याचे मूल्यमापन केल्यास परभणीच्या वाट्याला स्थळाचा एक गुण येईल. दिग्दर्शक, लेखक व नट पुण्या-मुंबईचे असल्यास बाकी सारे गुण तिकडे जातील. भारतीय पद्धतीत तो निःसंशय मराठी ठरेल. परंतु त्यातील माणूस ‘मी करतो आहे’ असे न म्हणता ‘मी करायलो’ म्हणतो की नाही, ‘जातो आहे’ऐवजी ‘जायलो’ म्हणतो की नाही, हे त्या वर्गीकरणाला दिसणार नाही; प्रमाण मराठी आणि मराठवाड्याची बोली दोन्ही एकाच नावाखाली जमा होतील. त्या घराशेजारच्या तांड्यावरील गोरमाटी, बाजारातील दखनी उर्दू यांचा हिशेब तर आणखी अवघड. महोत्सवाच्या पद्धतीत कृतीला न्याय मिळण्याचा संभव सर्वांत अधिक. तरीही इंग्रजी उपशीर्षकात ‘करायलो’ आणि ‘करतो आहे’ यांचे रूप एकच होईल.

यावरून पुरस्कार निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. युरोपच्या निकषाने सीमा ओलांडून निर्मिती शक्य केली. भारताच्या निकषाने शेजारी हिंदीचा प्रचंड व्यवसाय असतानाही मराठीची वार्षिक नोंद टिकविली. महोत्सवाने एकेका कृतीला जगाचा प्रेक्षक दिला. तथापि यांपैकी एकही निकष बोलीच्या पातळीपर्यंत उतरत नाही, आणि जे निकषात मोजले जात नाही ते निर्मात्याच्या लेखी हळूहळू अनावश्यक ठरू लागते. ग्रामीण पात्राच्या तोंडी कोणत्याही एका प्रदेशाची नसलेली सरसकट ‘गावरान’ भाषा घातली तरी चालते, ही समजूत त्यातूनच बळावते.

ही उणीव पुरस्कारांनी भरून काढावी, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. ते काम अभ्यासकांचे आहे. पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटांतील संवादांचे प्रदेशवार भाषिक परीक्षण करणे, मराठवाड्यातील पात्रांच्या क्रियारूपांची प्रत्यक्ष बोलीशी तुलना करणे, आणि मूळ संवाद व उपशीर्षक समोरासमोर ठेवून काय गळले याची नोंद करणे, हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील विषय आहेत. त्यासाठी लागणारी सामग्री दोन ठिकाणी आहे: चित्रपट सहज उपलब्ध आहेत, आणि बोली परभणीच्या बाजारात दररोज ऐकू येते.