मालगाडीला वेळापत्रक नसतं

मालगाडी चालवतो म्हटलं की लोक विचारतात, ‘ड्यूटी किती ते किती?’ काय सांगणार? माल भरला, इंजिन मिळालं, मार्ग मोकळा झाला की गाडी निघते. पूर्वी कॉलबॉय वही घेऊन दार ठोठवायचा, आता मोबाइल वाजतो. हातात साधारण २ तास.

८ तास वा अधिक काम झालं तर मुख्यालयी १६ तास विश्रांती. ऐकायला पुष्कळ वाटते. पण माझं मुख्यालय नांदेडजवळचं पूर्णा, घर लातूरला. नांदेडला एसटी बदलून जाऊन-येऊन आठ-नऊ तास मोडतात. मग झोपायचं कधी? पहाटे ३ वाजता सिग्नल बघताना अपुरी झोप पापणीवर येऊन बसते, आणि मागे हजारो टनांची गाडी असते.

शेवटी पूर्ण्यात खोली घेतली. लातूरला आता साप्ताहिक सुटीलाच जातो. धाकटी आईला सांगते, ‘पाहुणे आलेत.’