‘ओळख न पटलेली’ वस्तू : लष्करी नोंदींतील एका संज्ञेचा विचार

२ एप्रिल २०२२ रोजी रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातील अनेक गावांतून आकाशात प्रकाशाची एक रांग सरकताना दिसली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी जळते विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३-बी’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष होत. कडे सापडले नसते, तर मागे केवळ पाहणाऱ्यांचे शब्द उरले असते.

अशा शब्दांचा एक प्रचंड संग्रह अमेरिकेच्या हवाई दलापाशी जमला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावरून भिरकावलेल्या बशीची उपमा त्याने त्यांच्या गतीला दिली होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला चिकटविली. मराठीत रूढ झालेली ‘उडती तबकडी’ ही त्याच गफलतीची वारसदार होय. पुढे १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पाचे प्रमुख एडवर्ड रुपेल्ट यांनी ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ या अर्थाची तटस्थ संज्ञा प्रचारात आणली. तटस्थ म्हणावयाची एवढेच. कारण साक्षीदाराला दिसतो तो उजेड, आणि ‘वस्तू’ व ‘उडती’ हे दोन्ही त्यावरून काढलेले निष्कर्ष आहेत. आता अमेरिकी संरक्षण खात्याने ‘वस्तू’ऐवजी ‘घटना’ या अर्थाचा शब्द पत्करला आहे.

मराठी अनुवादक येथे सर्रास ‘अज्ञात’ लिहितात. ते बरोबर नाही. ‘अज्ञात’ हे वस्तूचे विशेषण होते. पोलिसी पंचनाम्यातील ‘ओळख न पटलेला’ या शब्दप्रयोगात मात्र ओळख पटविणारा तपासनीस गृहीत असतो. १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदींपैकी ७०१ प्रकरणांत ओळख पटली नाही, आणि ‘अपुरी माहिती’ हा वर्ग त्यांहून निराळा होता. तेव्हा ७०१ हा आकडा तपासाची सीमा दाखवितो. परग्रहवासीयांची शिरगणती नव्हे.

हवाई दलाच्या प्रश्नपत्रिकेत मात्र एक शहाणा प्रश्न होता : हात लांब करून धरलेल्या कोणत्या जिनसेएवढे ते दिसले? टाचणीचे डोके, वाटाणा, नाणे, असे पर्याय दिलेले होते. ‘बैलगाडीएवढे’ हे उत्तर अंतर ठाऊक असल्याविना निरर्थक ठरते, तर हातातील दाणा थेट कोन मोजतो. पौर्णिमेचा चंद्र अशा रीतीने सुमारे तुरीच्या दाण्याएवढा भरतो.

समजा, तुमसर तालुक्यात आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी एखाद्या गुराख्याने असा उजेड पाहिला. नोंद घेणाऱ्याने ‘तबकडी दिसली काय?’ असे विचारल्यास उत्तर प्रश्नातच ठरून जाते. ‘काय दिसले?’ हा प्रश्न प्रथम हवा, आणि त्यामागून ‘किती वेळ?’ हा. तेजस्वी उल्का बहुधा काही क्षणांत विझते. कक्षेतून उतरणारा अग्निबाणाचा अवशेष तुलनेने संथपणे, तुकडे होत, बराच वेळ आकाश ओलांडतो. तासन्‌तास दिसणारा उजेड बहुधा ग्रहाचा. २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवर लष्कराने टिपलेले दिवे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तपासात शुक्र व गुरू ठरले. गुराख्याचे उत्तर त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे. ‘सरकत गेला’ याचे ‘उडाला’ असे प्रमाणीकरण झाले, की पुराव्यातील गतीच नाहीशी होते.